गाडीवाल्या बाई आणि सहा महिन्यांची तारीख

बाईंना एका जागी बसवून ठेवणं आजवर कुणालाच जमलं नव्हतं. लग्नात फोटोवाल्यालासुद्धा नाही. त्या फोटोत नवरा नीट दिसतो आणि बाईंच्या जागी नुसती हालचाल दिसते. जेवताना त्या तीनदा उठायच्या, कुणाशी बोलता बोलता समोरच्याच्या घरातली भांडी लावून टाकायच्या. तासन् तास बसायच्या त्या एकाच ठिकाणी, ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकणाऱ्याच्या शेजारी, आणि तिथंही त्यांच्या पायाखाली दुसरा ब्रेक होता. सतरा वर्षं त्या गाडी शिकवत होत्या. अर्ध्या गावाला त्यांनी क्लच शिकवला आणि उरलेल्या अर्ध्या गावाला रस्त्याच्या कडेनं चालायला, असं त्यांचा नवरा म्हणायचा. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. त्याचं बोलणंही काच घासल्यासारखं, हळूहळू आणि एकाच गोष्टीवर.

तपासणी बाईंनी केली तीही बसवेना म्हणूनच. लायसन्सची परीक्षा होते त्या मैदानाला लागून एक सरकारी दवाखाना आहे. एकदा परीक्षेला घेऊन आलेल्या मुलीचा नंबर तासभर लांबला. व्हरांड्यात एक नर्स यादी घेऊन तिशीच्या पुढच्या बायका गोळा करत होती. गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी, पाच मिनिटांचं काम, असं ती प्रत्येकीला सांगत होती आणि जी ती घड्याळाकडे बघून सटकत होती. बाईंचं वय त्रेचाळीस. आता बाहेरगावी शिकायला असलेल्या लेकीच्या जन्मानंतर त्या असल्या टेबलावर कधी चढल्या नव्हत्या. रिकाम्या वेळात माणसं चहा पितात, बाईंनी तपासणी करून घेतली. परत आल्या तर ती मुलगी नापास होऊन रडत बसली होती. तिची समजूत घालता घालता तपासणीचं त्या विसरूनही गेल्या.

तीन आठवड्यांनी फोन आला तेव्हा त्या एका निवृत्त पोस्टमास्तरांना चढावर थांबलेली गाडी पुढे काढायला शिकवत होत्या. त्यांनी पोस्टमास्तरांना हँडब्रेक ओढायला लावला आणि फोन घेतला. तीच नर्स होती. पेशींमध्ये थोडा बदल दिसतोय, मोठ्या दवाखान्यात दुर्बिणीतून बघून घ्यावं लागेल, घाबरण्यासारखं काही नाही, असं म्हणाली आणि तिनं नऊ दिवसांनंतरची तारीख दिली.

घाबरण्यासारखं काही नाही, हे वाक्य ऐकूनच बाई घाबरल्या. कारण तेच वाक्य त्या स्वतः रोज दहादा म्हणायच्या, आणि तेही नेमका समोरून ट्रक येत असताना.

त्या नऊ दिवसांत बाईंनी घर उलटंपालटं केलं. पडदे धुतले, पंखे पुसले, कपाटाच्या मागे गेली दहा वर्षं सुखात राहिलेली धूळ हुडकून काढली. कुणी पाहुणं यायचंय का, असं सासूबाईंनी दोनदा विचारलं. पोस्टमास्तरांना त्यांनी एका दिवसात अकरा वेळा गाडी मागे घ्यायला लावली, शेवटी तो भला माणूस म्हणाला की मॅडम, मला पुढेही जायचं असतं कधीकधी. नवऱ्यानं विचारलं, काय झालंय. काही नाही म्हणाल्या. त्यानं पुन्हा विचारलं नाही, पण त्या दिवसापासून दुपारी दुकानातून फोन करायला लागला, आणि फोन करून काय बोलावं हे त्यालाही सुचायचं नाही.

तारखेच्या दिवशी बाई एकट्याच गेल्या. नर्सनं कमरेखाली चादर दिली, टेबलावर झोपायला सांगितलं, पाय दोन आधारांवर ठेवून घेतले. मग दार उघडून डॉक्टर आली, बत्तीसेक वर्षांची असेल. तिनं कागदावरचं नाव वाचलं, बाईंकडे बघितलं आणि तोंडावरचा मास्क खाली केला.

"मॅडम, ओळखलंत का?"

बाईंनी ओळखलं. आठ वर्षांपूर्वी ही पोर शिकायला होती त्यांच्याकडे. परीक्षेत दोनदा नापास. एकदा तर तिनं गाडी थेट फुटपाथवर चढवली होती आणि बाकावरच्या दोन म्हाताऱ्यांना जीव घेऊन पळावं लागलं होतं. त्या दिवशी बाईंची जीभ सुटली. तुझे हात डोक्याच्या पुढे पळतात, तुला जन्मात गाडी येणार नाही, असं त्या म्हणाल्या होत्या. पोर दुसऱ्या दिवसापासून आली नाही.

आता ते हात रबरी मोजे चढवत होते.

बाई उठून बसल्या. जरा जाऊन येते म्हणाल्या. कपडे घातले आणि बाहेरच्या लांब बोळात फेऱ्या मारू लागल्या. बाकांवर बसलेल्या बायका त्यांच्याबरोबर माना फिरवत होत्या. चौथ्या फेरीला डॉक्टर बाहेर आली. तुम्हाला अवघड वाटत असेल तर आमच्या मोठ्या मॅडम गुरुवारी असतात, तेव्हाची वेळ देते, असं ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. पण गुरुवारपर्यंत थांबायचं म्हणजे बाईंना आणखी सहा दिवस पंखे पुसावे लागले असते.

"किती जणींचं केलंस आजवर?" बाईंनी विचारलं. मग सावरून म्हणाल्या, "केलंत."

"तपासण्या आठशेच्या वर. ऑपरेशनं दोनशेच्या आसपास. आणि मला तू म्हणा."

"आणि गाडी?"

"रोज चालवते. पार्किंग अजून जमत नाही."

बाई आत गेल्या आणि टेबलावर चढल्या.

दुर्बीण अंगाबाहेरच होती, उंच स्टँडवर. शेजारच्या पडद्यावर सगळं दिसत होतं. डॉक्टरनं व्हिनेगरसारखं पाणी लावलं, थोडं चुणचुणलं. मग गुलाबी जागेवर एका बाजूला पांढरा डाग उमटत गेला, ओल्या भिंतीवर चुना धरावा तसा. बाईंनी मान वळवून तो बघितला. आपल्या अंगात असं काही आहे आणि आपल्याला त्याचा पत्ताही नव्हता, याचा त्यांना आधी रागच आला. सतरा वर्षं त्या सगळीकडे लक्ष ठेवून जगल्या होत्या, पुढे, मागे, दोन्ही आरशांत. डॉक्टरनं खोकायला सांगितलं आणि त्या खोकत असताना डागाचे दोन बारीक तुकडे काढून घेतले. चिमटा काढल्यासारखं झालं, तेवढंच.

रिपोर्ट दहा दिवसांनी आला. हा कॅन्सर नव्हे, असं डॉक्टरनं दोनदा सांगितलं. पण पेशी चांगल्याच बिघडल्यात. तीन पायऱ्या धरल्या तर या तिसरीवर आहेत. तशाच सोडल्या तर काही बायकांत पुढच्या काही वर्षांत त्याचा कॅन्सर होतो, म्हणून तेवढा भाग काढून टाकायचा. इंजेक्शननं जागा बधिर करून, विजेच्या बारीक तारेनं. घरी त्याच दिवशी जाता येतं. हे सगळं एका विषाणूमुळे होतं. तो शरीरसंबंधातून येतो, बहुतेक माणसांना कधी ना कधी होऊन जातो, कळतही नाही, आणि वर्षानुवर्षं गप्प पडून राहू शकतो. कुणाकडून आला, कधी आला, हे कुठलीही तपासणी सांगू शकत नाही.

एवढं सगळं तिनं सांगितलं, आणि बाईंनी त्यातलं एकच उचललं. लेक दोन वर्षांची असताना नवरा पावणेदोन वर्षं परगावी नोकरीला होता.

त्या आठवड्यात घरात बाईंचा आवाज सोडून सगळं वाजत होतं. कपाटाची दारं, ताटं, नळ. नवऱ्यानं भाजीला मीठ कमी आहे म्हटलं तर त्या म्हणाल्या, परगावी काय खायचात कुणास ठाऊक. त्यानं चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. तिसऱ्या दिवशी त्या दुकान बंद व्हायच्या वेळेला तिथं जाऊन उभ्या राहिल्या. काचा घासायचं यंत्र थांबलं होतं, त्याच्यावर पांढरी भुकटी बसली होती. बाईंनी रिपोर्ट टेबलावर ठेवला. त्यानं तो वाचला, तसाच सावकाश, दोनदा. दुसऱ्यांदा वाचताना त्याचं बोट तपासणीच्या तारखेवर थांबलं.

"किती दिवस झाले हे कळून?"

"महिना होईल. आता मी विचारते. परगावी कुणी होतं?"

"नव्हतं," तो म्हणाला. "लग्नाच्या आधी होतं. एक वर्षभर. तू कधी विचारलं नाहीस." मग रिपोर्टची घडी घालत म्हणाला, "आणि तुझं?"

बाईंचंही होतं. हे लग्न ठरण्याआधी त्यांचं दुसरीकडे ठरलं होतं. ते मोडलं, पण मोडायच्या आधी दोघं तीन दिवस बाहेरगावी जाऊन आली होती आणि घरी मैत्रिणीचं नाव सांगितलं होतं. वीस वर्षांत ही गोष्ट बाईंनी स्वतःलासुद्धा नीट सांगितली नव्हती. आणि डॉक्टर जेव्हा कुणाकडून ते कळत नाही म्हणाली, तेव्हा त्या 'कुणाकडून'मध्ये आपणही बसतो हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. त्यांनी सांगितलं. उभ्यानंच, दुकानाच्या दाराशी, येरझारा घालत. सांगून झालं तेव्हा नवरा म्हणाला, "बस जरा." आणि नवल म्हणजे त्या बसल्या. मग त्यानं विचारलं, ऑपरेशनच्या दिवशी मी रजा टाकू का. टाका म्हणाल्या.

सासूबाईंना त्या संध्याकाळी सांगितलं. काय झालंय यापेक्षा आपल्याला शेवटी कळलं याचंच त्यांना जास्त लागलं. घरात मी काय कुंडीतलं झाड आहे का, असं म्हणून त्या एक दिवस रुसल्या. दुसऱ्या दिवशी आपणहून म्हणाल्या की काढायचंच आहे तर सगळी पिशवीच काढून टाका, एकदाची कटकट जाईल. अख्खी पिशवी काढायची आत्ता गरज नाही, तेवढाच डाग काढायचाय, हे त्यांना पटायला दोन दिवस गेले, आणि पूर्ण पटलं असं नाहीच.

ऑपरेशन सकाळी होतं. नवरा बाहेर बसला. आत डॉक्टरनं बधिर करायचं इंजेक्शन दिलं. त्यानं बाईंचं काळीज एकदम धडधडायला लागलं, हात थरथरले. औषधानं होतं, दोन मिनिटांत जाईल, डॉक्टर म्हणाली. मग यंत्राचा घरघर आवाज सुरू झाला.

"आता अजिबात हलायचं नाही, मॅडम."

हे बाईंना आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं असं नाही, पण ऐकायची वेळ पहिल्यांदाच आली होती. त्यांच्या पायाची बोटं आधीच वळवळायला लागली होती. नर्सनं त्यांचा गुडघा धरला.

"चढावर गाडी थांबलीय," डॉक्टर म्हणाली. तिची नजर दुर्बिणीतच होती. "मागे गाड्या उभ्या आहेत. काय करायचं? मला कधी जमलं नव्हतं ते. सांगा."

बाईंना आधी कळेना. मग त्या सांगायला लागल्या, छताकडे बघत. हँडब्रेक ओढलेला ठेव. पहिला गिअर टाक. क्लच सावकाश सोड, एकदम नाही, सावकाश. गाडीचं नाक किंचित उचलेल, इंजिनाचा आवाज जड होईल. तिथंच पाय धरून ठेव. पाय धरला की मग थोडं ॲक्सिलरेटर... खोलीत जळल्याचा वास आला. बाईंचा आवाज चिरकला, पण थांबला नाही. मागच्यानं हॉर्न वाजवला तरी त्याच्याकडे बघायचं नाही. तो काय तुझा सासरा आहे का. आता हँडब्रेक सोड. गाडी मागे जाणार नाही. गेलीच तर बोटभर जाईल.

"झालं," डॉक्टर म्हणाली.

"पुढे गेली?"

"गेली. तुकडा निघाला. आता रक्त थांबवते, अजून दोन मिनिटं."

नंतर बाईंनी तिचे हात बघितले. ती मोजे काढत होती, एकेक बोट सोडवत, अगदी सावकाश. बाईंना वाटलं काहीतरी बोलावं. फुटपाथच्या दिवशी मी फार बोलले, एवढंच त्या म्हणाल्या. डॉक्टर म्हणाली, खरंच पळायचे तेव्हा हात. पण जन्मात येणार नाही म्हणालात ते फार लागलं होतं. ती हे हसून म्हणाली नाही. बाईंनी मान हलवली. ते तिथंच राहिलं.

महिनाभर जड उचलायचं नाही, शरीरसंबंध नाही, पोहणं नाही. पाण्यासारखा, काळपट स्राव जाईल, त्याला घाबरू नका. पण रक्त जास्त गेलं किंवा ताप आला तर लगेच या. नवऱ्यानं हे सगळं वहीच्या कागदावर लिहून घेतलं आणि सासूबाईंनी त्याची अंमलबजावणी हातात घेतली. बाईंनी बादलीला हात लावला की त्या आतून ओरडायच्या. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीची किल्ली त्यांनी आपल्या उशीच्या अभ्र्यात घालून ठेवली होती. सात दिवस बाई घरात कोंडलेल्या मांजरीसारख्या फिरल्या. आठव्या दिवशी त्यांनी सासूबाई अंघोळीला गेल्या असताना किल्ली काढली. दहाव्या दिवशी भर चौकात गाडी बंद पडली, शिकणारी बाई गांगरली, मागे रांग लागली, आणि बाई उतरून गाडी ढकलायला लागल्या.

रक्त संध्याकाळी सुरू झालं. पहिल्यांदा त्यांनी कुणाला सांगितलं नाही. तासाभरात सांगावं लागलं. नवऱ्यानं त्यांना लगेच दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं बघितलं, औषध लावून रक्त थांबवलं आणि विचारलं, काय उचललंत. बाईंनी सांगितलं. त्या पोरीनं मग त्यांना असं काही सुनावलं की दाराबाहेरच्या बायका गप्प झाल्या. गाडी ढकलायला रस्त्यावर पन्नास पुरुष होते, एकाला तरी हाक मारायची होती. तुम्हाला कुणाची मदत घ्यायला कमीपणा वाटतो, त्याचं औषध माझ्याकडे नाही. बाई मान खाली घालून ऐकत राहिल्या. घरी आल्यावर किल्ली त्यांनी स्वतःच सासूबाईंच्या हातात दिली. सासूबाईंनी ती घेतली आणि म्हणाल्या, "माझी बहीण अशीच रक्त जाऊन गेली. तिला कुणी दुर्बिणीतून बघितलं नाही. झोप आता." बहिणीचं नाव त्या घरात कधी निघालंच नव्हतं. बाई त्या दिवशी निमूट झोपल्या.

काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट चांगला आला. कॅन्सर नाही, तुकड्याच्या कडाही स्वच्छ, म्हणजे बिघडलेल्या पेशी बहुतेक सगळ्या निघाल्या. बाईंना वाटलं सुटले. डॉक्टरनं सहा महिन्यांची तारीख दिली तेव्हा त्यांनी ती नुसती पाकिटात ठेवली.

सहा महिन्यांनी विषाणू अजून होताच.

ही वेळ बाईंना पहिल्यापेक्षा जड गेली. पहिल्यांदा त्यांना काही माहीत नव्हतं, आता सगळं माहीत होतं. परत ते टेबल, परत ते चुणचुणणारं पाणी. या वेळी पडद्यावर ठळक डाग नव्हता, एक फिकट कड होती, आणि डॉक्टर तिच्याकडे इतका वेळ बघत राहिली की बाईंनी विचारलं, बोलत का नाहीस. बघतेय, ती म्हणाली, बघू द्या. पुन्हा एक तुकडा. पुन्हा दहा दिवस. त्या दहा दिवसांत बाईंनी एका शिकाऊ मुलीला तोच शब्द सुनावायला तोंड उघडलं, जन्मात, आणि अर्ध्यात गिळला. गाडी कडेला घ्यायला लावली आणि स्वतः खाली उतरून रस्त्याच्या कडेनं दहा मिनिटं चालून आल्या. मुलगी आत स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली होती. बाईंनी तिला सांगितलं की तुझं काही चुकलं नाही, आज माझंच डोकं ठिकाणावर नाही. असं त्या कुणाला सतरा वर्षांत पहिल्यांदाच म्हणाल्या.

तुकड्यात वाईट काही निघालं नाही. किरकोळ बदल, आपोआप जायची शक्यता जास्त. आता लगेच काही करायचं नाही, पुन्हा सहा महिन्यांनी बघायचं. काही करायचं नाही, हे बाईंना कळायलाच वेळ लागला. मी काहीतरी करायला हवं ना, त्या म्हणाल्या. डॉक्टर म्हणाली, तारखेला यायचं, हेच करायचं.

ते सहा महिने त्यांनी कसे काढले ते त्यांच्या चपलांना विचारावं. सकाळी कामाआधी त्या नदीकाठापर्यंत चालत जाऊन यायला लागल्या. काही दिवसांनी नवराही यायला लागला. तो फार मागे पडायचा. एकदा त्या पुढच्या वळणावर थांबल्या आणि तो येईपर्यंत उभ्या राहिल्या. त्याला म्हणाल्या, त्या तीन दिवसांचं मी तुम्हाला सांगायला नको होतं का आधी? तो धाप लागलेल्या आवाजात म्हणाला, सांगितलंस ना. बाईंना आणखी काही हवं होतं, पण जे मिळालं ते खोटं नव्हतं.

वर्षाचा रिपोर्ट फोनवर आला. विषाणू नाही, पेशी साध्या, नेहमीच्या. बाई धावतच दुकानात गेल्या. नवरा एका गिऱ्हाइकाला नवी काच दाखवत होता. बाईंनी दारातूनच सांगितलं, काही नाही, काहीच नाही निघालं. त्यानं मान डोलवली, गिऱ्हाइकाकडे वळला, आणि हातातली काच खाली पडून फुटली. तो खाली वाकून तुकडे गोळा करत राहिला, गरजेपेक्षा जास्त वेळ. गिऱ्हाईक म्हणालं, राहू द्या हो, मी थांबतो.

आठवड्यानं बाई कागद घ्यायला गेल्या तेव्हा डॉक्टरनं सांगितलं की हे संपलं असं समजू नका. पुढच्या वर्षी पुन्हा, तेही चांगलं आलं की मग काही वर्षांच्या अंतरानं, पण पंचवीस वर्षं तरी येत राहायचं. ज्यांना एकदा असं होऊन गेलंय त्यांनी लक्ष ठेवायचं असतं. पंचवीस वर्षांनी मी एकोणसत्तर-सत्तरची होईन, बाई म्हणाल्या. तोवर तुझा पार्किंगचा प्रश्न तरी सुटेल का? डॉक्टर हसली आणि म्हणाली की तिची बदली झालीय, पुढच्या महिन्यात ती जाणार. बाईंनी हातातला कागद उगाच उलटून बघितला. मग त्यांनी विचारलं, नवीन येणार तिचे हात कसे आहेत? माझ्यापेक्षा चांगले, ती म्हणाली, मीच शिकवलंय तिला.

बाईंनी कागदाची घडी घातली. खाली गाडीत शिकणारी बाई वाट बघत होती, आणि पुढच्या वर्षीच्या तारखेला अजून तीनशे साठ दिवस होते. ते कसे जायचे याचा विचार करत त्या जिना दोन-दोन पायऱ्या उतरू लागल्या.